सोमवारची सुरमय

मला नकला येतात. म्हणजे येतात असं गाव म्हणतं, मी फक्त नाही म्हणत नाही. आमच्या हेडमास्तरांचा खोकला मी असा काढायचो की वर्गातली पोरं उठून उभी राहायची. बंदरावरचा हवालदार, पोस्टातले अण्णा, तोंडात पान धरून मंत्र म्हणणारे भटजी, सगळे माझ्या घशात बिऱ्हाड करून होते. या कलेपायी मी मॅट्रिकला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा तिथेच बसून राहिलो. दुसऱ्या निकालाच्या दिवशी दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, विचारलं, "गणितात काय लिहिलंस?" मी त्याला गणिताचा परीक्षक माझा पेपर कसा बघत असेल ते करून दाखवलं. त्याने मला चप्पल दाखवली. ती नक्कल नव्हती.

पण एका माणसाची नक्कल मला आजवर जमलेली नाही. दादाच्या बायकोची. आमच्याकडे वहिनीला वयनी म्हणतात. वयनी बोलायचीच इतकं कमी की पकडायला काही सापडत नसे. हळू चालायची, हळू हसायची, आणि दिवसभरात निम्म्या वेळा एकच शब्द वापरायची, "वायंच". वायंच म्हणजे थोडंसं. वायंच थांबा, वायंच मीठ घाला, वायंच खावन बघा. मी तो शब्द हजारदा म्हणून बघितला. माझ्या तोंडून तो कंजूष दुकानदारासारखा यायचा. तिच्या तोंडून आला की माणूस वाटीभर खायचा आणि वर, आपण वायंचच खाल्लं, अशा समजुतीत उठायचा.

ती लग्न होऊन आली तेव्हा नवे पैसे नुकतेच निघाले होते आणि गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. आमचं घर मालवणच्या दक्षिणेला, दर्याला चिकटून. घरात तीन पुरुष. वडील, म्हणजे तात्या, गलबतावर तांडेल. मोसमात सुकाणू धरून वर मुंबईपर्यंत आणि खाली मंगळूरपर्यंत जाणारे. दादा बंदरावर कारकून. आणि तिसरा मी, नापास. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तोवर स्वयंपाक तात्या करायचे, गलबतावर करतात तसा. एका टोपात भात, एका टोपात मासा. भाजी आजारी माणसाने खायची असते, गुरांनी खायची असते आणि सोमवारी नाइलाज म्हणून खायची असते, हे आमच्या घरातलं शास्त्र. सोमवार शिवराक, म्हणजे मासळी बंद. त्या दिवशी आम्ही तिघे आमटीभात असा खायचो की परका कोणी आला असता तर त्याला वाटलं असतं, घरात कोणी गेलंय.

वयनी कुडाळच्या आतल्या अंगाच्या गावची. बापाचा मळा. तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली चिंध्यांच्या पुरचुंड्या निघाल्या. मला वाटलं दागिने. निघालं दोडक्याचं बी, भोपळ्याचं बी, तांबड्या भाजीचं बी. पंधरवड्यात विहिरीच्या कडेला हिरवं दिसायला लागलं. आणि एक दिवस दुपारी आमच्या तिघांच्या ताटात भाताच्या शेजारी तांबड्या भाजीचा ढीग.

तात्यांनी ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"रे बाबल्या, गोठ्यातला ताट चुकान हय इला काय? गाय उपाशी रवली आसतली."

सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दाराआड उभं राहून तिसऱ्याला सांगायचं, तो तिसरा सासऱ्याला सांगणार. सासऱ्याला शब्द न् शब्द ऐकू आलेला असतो, पण सांगितल्याशिवाय तो त्याला पोचत नाही. आमच्याकडे तो तिसरा मी. मालवणात तेव्हा टेलिफोन होते दोन, एक पोस्टात आणि एक मी.

दाराआडून वयनी म्हणाली, "भावजी, तेंका सांगा, वायंच खावन बघा म्हणान."

मी आवाज बारीक करून, मान वाकडी करून म्हटलं, "तात्यानू, वायंच खावन बघा."

तात्या असे हसले की भाताचं शीत नाकात गेलं. भाजी गाईपुढे गेली. मी स्वतः नेऊन घातली आणि गाईलाही "वायंच खा गो" म्हणून आलो.

त्यानंतर ताटात भाजी दिसली नाही. आम्ही समजलो, जिंकलो.

जिंकलो कसले. त्या दिवसापासून वयनीने आम्हाला भाजी दाखवायची बंद केली, एवढंच. माशाच्या सारातलं खोबरं वाटताना पाट्यावर शिजवलेला तांबडा भोपळा जायला लागला. सार दाट झालं, रंग चढला. दादा म्हणाला, "हिच्या हाताला चव आहे." दादा कौतुक आणि राग दोन्ही कचेरीच्या मराठीत करायचा. आंबोळीच्या पिठात शेवग्याचा पाला वाटून पडायचा. हिरवट का, असं विचारलं तर दाराआडून उत्तर, "कोथमीर वायंच ज्यास्त झाली." दोडका सोलून किसून कालवणात असा विरघळायचा की त्याच्या आईनेही त्याला ओळखलं नसतं.

आणि या सगळ्यात घरातला जाणकार कोण? मी. माशाच्या बाबतीत माझी जीभ पंचक्रोशीत नावाजलेली होती. नावाजणारा मीच होतो, पण नाव झालं होतं. कट्ट्यावर मी सांगायचो, "डोळे बांधा आणि मासो द्या. खंयच्या खाडयेतलो ता सांगतंय." एकदा वयनीने सुंगटांचं सुकं केलं. सुंगटं म्हणजे कोळंबी. पहिला घास घेऊन मी डोळे मिटले.

"खाडयेची," मी म्हटलं. "दर्याची न्हय. खाडयेची. आणि कालच्या भरतीची."

वयनी दारात पुतळ्यासारखी उभी. "भावजी," ती म्हणाली, "तुमच्या जिभेक डोळे आसत!"

मी आणखी एकदा वाढून घेतलं. पुढे कळलं, त्या टोपात सुंगटं होती मूठभर, वासापुरती. बाकी सगळं परसातलं केळफूल होतं. आणि त्याला भरती-ओहोटीशी काही देणंघेणं नव्हतं.

तिची कमाल मात्र सुरमय. नीरफणस असतो ना, त्याचे जाड काप करायचे. मीठ, मिरचीपूड, कोकमाचं आगळ, वाटलेलं तिरफळ लावून मुरवत ठेवायचे, तांदळाच्या पिठात घोळायचे, आणि ज्या तेलात आदल्या दिवशी मासे तळले त्याच तेलात तळायचे. ताटात एक तुकडी खऱ्या सुरमयीची आणि तिला लागून वयनीची. आणि वयनीच्या तुकडीत मधोमध काटा. हो, काटा. खऱ्या सुरमयीचा मणका धुऊन, वाळवून, नीरफणसाच्या कापात बसवलेला. तात्या तो काटा जिभेने हुडकून काढायचे, चोखायचे, ताटाच्या कडेला ठेवायचे आणि म्हणायचे, "ताजी आसा." तात्यांना मी माफ करतो. जन्मभर पान-तंबाखू खाऊन त्यांच्या जिभेला मिरचीखेरीज कोणी ओळखीचं उरलं नव्हतं. माझ्या जिभेला काय धाड भरली होती?

आता तात्यांचं सांगतो, कारण हे सगळं चाललं होतं ते त्यांच्यामुळे, आणि ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

वयनी आली त्या साली तात्या तब्येतीने उतरले होते. चेहरा पांढराफटक, चार पायऱ्या चढले की धाप. आणि बसायचे नाहीत. पाहुणा आला तरी खांबाला टेकून उभे. जेवायला बसले तरी एका मांडीवर कलून, गलबत एका अंगाला झुकावं तसे. चालताना पाय फाकवून, जपून. मला तर घरबसल्या माल मिळाला. मी कट्ट्यावर तात्यांची चाल करून दाखवायचो आणि लोक पोट धरायचे. एकदा परसात करत होतो, वयनी विहिरीवर कपडे धूत होती. तिने बघितलं. हसली नाही.

"चाल बरी जमली, भावजी," ती म्हणाली. "तशे कित्याक चलतत, ता नाय जमला."

मी म्हटलं, का चालतात ते कशाला हवंय, तिला विनोद कळत नाही.

गलबताचा मालक एकदा घरी येऊन गोड शब्दांत बोलून गेला. "तात्यानू, पुढल्या मोसमाक वायंच इसाव घेवा. सुकाणू दुसरो कोण तरी धरीत." त्या संध्याकाळी तात्या किनाऱ्यावर ओढलेल्या गलबताला टेकून उभे होते. तांडेलाच्या हातातून सुकाणू गेलं की त्याला गावात नाव उरतं, पण काम उरत नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं की खेकसायचे, "माका काय झाला?"

त्याच सुमारास गावातले वैद्य मला वाटेत भेटले. म्हातारे, नाकातून बोलायचे. "काय रे, तुझ्या वयनीचा दुखणा कसा आसा?"

"कसला दुखणा?"

"काय नाय, काय नाय. पालो खाता मा? भाजी भरपूर खावक सांग. ताक पिवक सांग." आणि निघून गेले.

मला काही कळलं नाही, पण नाकातला आवाज भारी होता. घरी आलो आणि वयनीपुढे ऐकवलं, "पालो खाता मा?" ती विळीवर नारळ खवत होती. कानापर्यंत लाल झाली. मला वाटलं, नक्कल जमली.

पुढच्या मोसमापर्यंत तात्या सुधारले. तोंडावर रक्त आलं. मालकासमोर शीड बांधायच्या दोरावरून चढून दाखवलं आणि सुकाणू परत हातात घेतलं. दंडाला कोणा साधूने दिलेला काळा दोरा होता, त्याला त्यांनी श्रेय दिलं. सगळ्यांना दंड पुढे करून दाखवायचे, "दोऱ्याचो गुण."

अशी दोन वर्षं गेली. मग तो सोमवार आला.

श्रावण होता. गावच्या महादेवाच्या देवळात प्रसादाचं जेवण. गलबतं किनाऱ्यावर ओढून झाकलेली, त्यामुळे सगळे दर्यावर्दी घरी, सगळे पंगतीला. वाडीवाडीतल्या बायका रांधायला. वयनी भाजीच्या मुलखातली, म्हणून काप तळायचं काम तिच्याकडे आलं. तेल नवं, कढई देवळाची, पण हात तिचाच. आणि मीठमसाल्याचा अंदाज हाताला पाठ असतो, त्याला सोमवार-मंगळवार कळत नाही.

पंगत बसली. तात्या मानाच्या जागी, त्यांच्या शेजारी मी. वरण-भात आला, काप आले. तात्यांनी काप उचलून तोंडात टाकला. चावले. थांबले. जिभेने तोंडात काहीतरी शोधायला लागले. आता मला कळतं, काटा शोधत होते. मग त्यांचे डोळे मोठे झाले आणि ते पंगतीतून उभे राहिले.

"थांबवा जेवान!"

वाढपी जागच्या जागी.

"सोमवार काय, श्रावण काय, देवाच्या दारात सुरमय तळतास? लाज नाय वाटाक?"

देवळाचे मानकरी धावत आले. "तात्यानू, काय बोलतास? नीरफणस आसा तो!"

"माका शिकवू नको! अख्खो जल्म दर्यार काढलंय मी. सुरमय माका कळाची नाय?" आणि मग, जाणकाराची साक्ष काढावी तसं, माझ्याकडे वळून, "बाबल्या, तू सांग. तुझ्या जिभेक कळता."

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी काप घेतला. चावला. आणि डोळे मिटले. डोळे मिटले नसते तरी चाललं असतं, पण सवय.

"सुरमयच," मी म्हटलं. "देवबागची."

श्रावणात, जेव्हा एकही होडी पाण्यात नाही. पण ते माझ्या लक्षात आलं नाही. जीभ बोलत होती, डोकं सुट्टीवर होतं.

मानकऱ्यांनी आत जाऊन अख्खा नीरफणस आणला, हिरवा, काटेरी, देठासकट. तो पंगतीसमोर चिरला. काप तिथल्या तिथे मसाल्यात घोळले आणि तळून गरमागरम तात्यांच्या आणि माझ्या ताटात टाकले. "आता खावा, आणि सांगा." आम्ही दोघांनी खाल्लं. आणि बापलेक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

त्या शांततेत पलीकडच्या पंगतीतून कोणीतरी विचारलं, "तात्यानू, तुमच्या घराकडे माशे झाडार लागतत काय?"

मग जो हशा उठला तो अजून थांबलेला नाही. आजही मी त्या देवळावरून गेलो की पोरं विचारतात, "काय बाबलदा, देवबागची मा?" जन्मभर मी गावाच्या नकला केल्या. गावाने माझी एकच केली आणि हिशेब मिटला.

हशा चालू असताना मी वळून बघितलं. चुलीपाशी वयनी उभी होती, हातात झारा, कढईतलं सगळं करपत चाललेलं.

घरी पडवीत पोचल्यावर तात्या मला म्हणाले, "चुलीकडे काय आसा ता बघून ये." मी फडताळ धुंडाळलं. मागच्या अंगाला तात्यांचीच जुनी तपकिरीची डबी सापडली. उघडली. आत सुरमयीचे मणके, पांढरे, धुतलेले, आईने बाळाचे दात जपून ठेवावे तसे. तात्यांनी ते तळहातावर ओतून घेतले आणि नुसते बघत राहिले. दोन वर्षं तेच मणके त्यांनी चोखले होते, ताटाच्या कडेला ठेवले होते, आणि वर "ताजी आसा" म्हटलं होतं. त्या काट्यांनी आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त नोकरी केली होती.

"माझ्या ताटात माका फसयल्यान," तात्या म्हणाले. "चार गावांत माझा हसा झाला. तिका सांग, सकाळच्या गाडयेन माहेराक जांवदे."

दादा कचेरीच्या मराठीत म्हणाला, "या प्रकाराचा खुलासा झाला पाहिजे." आणि आत जाऊन विचारलं, का केलंस. वयनी ट्रंकेत लुगडी भरायला लागली. संध्याकाळपर्यंत वाडीत गजाल पसरली, की सून खरी सुरमय आपण खाते आणि सासऱ्याला झाडपाला घालते. हेही तिच्या कानावर आलं. खरं तर वयनीला मासा जिवापेक्षा आवडायचा. मळ्यातली ही पोर सगळे जेवून उठल्यावर एकटी बसून माशाचं डोकं असं कोरून खायची की मांजर उठून दुसऱ्या घरी जायचं. पण तिच्या वाट्याला बहुतेक डोकंच यायचं. तुकड्या आमच्या पोटात.

सकाळी ट्रंक पडवीत आली. तात्या माचीवर बसले होते, दादा दाराच्या चौकटीत, मी मध्ये. मला काहीतरी विनोद करून हे सगळं उधळून लावायचं होतं आणि एकही सुचत नव्हता. दाराआडून बांगड्या वाजल्या.

"भावजी, तेंका सांगा, मी जातंय."

मी तात्यांकडे बघितलं. तात्या समुद्राकडे.

"आणि सांगा, फसवूचा म्हणान केलंय नाय. समोर येवन सांगाची सोय नव्हती." मग, "ह्या घरातली धोतरां मी धुतंय, भावजी. इलंय तेव्हा धोतरार काय दिसा होता आणि आता दिसाक नाय, ता माका ठावक आसा. तेंका पण ठावक आसा. दोऱ्यान जाता काय ता, तेंकाच विचारा."

टेलिफोन बंद पडला. दादा माझ्याकडे बघायला लागला, "काय म्हणतेय ती?"

मी तात्यांकडे बघत होतो. तात्या बसले होते. माचीवर, दोन्ही मांड्या टेकून, पालथी मांडी घालून, ऐसपैस. उभे नव्हते, कललेले नव्हते. आणि ते किती दिवसांपासून असे बसायला लागले होते हे मला, नकलाकाराला, गावाच्या चाली टिपणाऱ्याला, आता दिसत होतं. मूळव्याध. घ्या, लिहून टाकलं. तात्या छापील कागद फक्त सुकट बांधायला घेतात, तेव्हा मला भीती नाही. रक्त पडत होतं आणि तांडेल माणूस लाजेने मरत होता. वैद्यांचं कोडंही तेव्हाच सुटलं. वयनी त्यांच्याकडे गेली होती आणि सासऱ्याचं नाव न घेता, माकाच होता म्हणून सांगून उपाय विचारून आली होती. नवी नवरी, परकं गाव, आणि असलं दुखणं स्वतःच्या अंगावर घेऊन.

तात्या दंडावरचा दोरा अंगठ्याने चाचपत होते.

"बाबल्या," ते शेवटी म्हणाले. आवाज खाकरून घेतला. "तिका सांग, गाडी गेली."

तेवढ्यात लांबून, माडांच्या पलीकडून, येणाऱ्या येष्टीचा भोंगा वाजला. आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"गेली," तात्या त्या भोंग्यावर आवाज चढवून म्हणाले. "आता जेवाणाचा बघ म्हणावा."

दाराआडून, अगदी हळू, "काय करू, तेंका विचारा."

"काय करूचा ता करूंदे. माका सांगू नको म्हणावा. ताटात पडात तो मासो."

"आणि सोमवारी?" हा प्रश्न माझा. माझी जीभ परत आली होती.

"सोमवारी नीरफणस," तात्या म्हणाले. "आणि तू उठ, ट्रंक आत नेवन ठेव, नापास मेल्या."

मी तिसऱ्यांदा पास झालो, तो परीक्षकांचा नाइलाज. सावंतवाडीला कारकुनी लागली. तिथे खाणावळीत भाजी भाजी म्हणून वाढतात आणि ती भाजीसारखी लागते, त्यामुळे घशाखाली उतरत नाही.

गेल्या महिन्यात घरी गेलो होतो. तात्यांनी आता सुकाणू सोडलंय, पण आपल्या मर्जीने, मालकाच्या नव्हे. दुपारी ताटं मांडली. दादाची मुलगी बेबी, चार-पाच वर्षांची, परसातल्या वेलाखाली वाढलेली, माशाला तोंड लावत नाही. वास आला की नाक धरते. तिच्या वाटीत भोपळ्याची भाजी होती. तिने बोटाने उकरून बघितली.

"ह्येच्यात मासो आसा."

"मासो? छे गो!" तात्या म्हणाले. "भोपळो तो. आजो तुका खोटा सांगात?"

दाराआड बांगड्या वाजल्या. तात्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती दोघं अजून समोरासमोर बोलत नाहीत. त्यांना आता गरजही नाही, माझी तर नाहीच. बेबीने एक घास खाल्ला, मग दुसरा. भोपळ्यात कुस्करलेला बांगडा होता, हे तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

माझ्या ताटात दोन तुकड्या पडल्या. मी एक चावून बघितली. काटा लागला, म्हणजे शंकेला जागा नाही. "सुरमय," मी म्हटलं. "ताजी." दादा ताटात बघत राहिला. तात्यांना एकदम ठसका लागला. मी काटा चोखून ताटाच्या कडेला ठेवला, पोटभर जेवलो आणि हात धुवायला परसात गेलो.

चूळ भरता भरता मागच्या दारातून आत नजर गेली. वयनी माझं ताट उचलत होती. तिने कडेचा काटा दोन बोटांनी घेतला, पाण्याखाली धरला, पदराला पुसला, आणि फडताळातल्या तपकिरीच्या डबीत ठेवून दिला.